लाइट जाणारच आहे

‘लाइट गेली म्हणून डेटा गेला.’ आमच्या धंद्यात हे वाक्य इतक्या सहज बोललं जातं की त्यात काही खोट आहे असं कुणाला वाटतच नाही. मला वाटतं. लाइट गेली की पंखा थांबतो, टीव्ही बंद होतो, शेतातली मोटर बंद पडते. आधीच लिहून ठेवलेलं पुसलं जायचं मात्र काही कारण नाही. ते पुसलं गेलं, तर सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने लाइट कधी जाणारच नाही असं धरून लिहिलं होतं, एवढाच त्याचा अर्थ. मी स्वतः सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो, त्यामुळे हे लांबून दगड मारणं नाही.

आमच्या घरी, शहादा तालुक्यातल्या ब्राह्मणपुरीला, टीव्हीच्या मागे एक रास्पबेरी पाय आहे आणि त्याला एक हार्ड डिस्क जोडलेली आहे. वायफायवर घरातल्या कुठल्याही फोनवरून त्यातली गाणी ऐकता येतात. हिंदी सिनेमाची गाणीही आहेत, पण त्यांच्यासाठी कुणी घरात सर्व्हर ठेवत नाही. तो ठेवला ४१२ रेकॉर्डिंगांसाठी. कानबाईच्या रात्री जागरणात म्हटलेली, हळदीची, लग्नातली. काही अहिराणीत, काही गुजर बोलीत. थोडी काकांच्या कॅसेटवरून उतरवलेली, बाकीची आत्या-मावश्यांनी फोनवर केलेली आणि व्हॉट्सॅपवरून फिरत फिरत आलेली. फाइलचं नाव बघाल तर तारीख आणि आकडे, बस. आत कोण गातंय, तिचं माहेर कुठलं, ती कुणाच्या लग्नाची रात्र, हे सगळं मोठ्या मायला एकेक गाणं ऐकवून, विचारून, सर्व्हरच्या पानावर भरलेलं. दोन दिवाळ्या आणि एक अख्खा उन्हाळा त्यात गेला. काही आवाज तिने अर्ध्या ओळीत ओळखले. काहींसाठी तिने शेजारच्या म्हातारीला बोलावून घेतलं.

यंदाच्या जूनमध्ये पहिला पाऊस वाऱ्यासकट आला आणि दहा मिनिटांत लाइट तीन वेळा आली-गेली. चौथ्यांदा आली तेव्हा सर्व्हर सुरू झाला, पण गाण्यांच्या पानावर काहीच नव्हतं. लॉगमध्ये एकच ओळ पुन्हा पुन्हा: डेटाबेस डिस्क इमेज इज मालफॉर्म्ड. गाण्यांच्या फाइली जागच्या जागी होत्या. गेली होती ती नावं.

‘बॅकअप नव्हता का?’ हा प्रश्न येणार. होता. याच सॉफ्टवेअरमध्ये रोज रात्री कॉपी काढायची सोय आहे आणि ती चालू होती. पण ती सोय चालू डेटाबेसची फाइल सरळ उचलून दुसरीकडे ठेवते. मध्येच काही लिहिलं जात असेल तर कॉपी अर्धी जुनी, अर्धी नवी. एसक्यूलाइटच्या अधिकृत माहितीत डेटाबेस कसा बिघडवावा यावर चक्क एक स्वतंत्र पान आहे आणि त्यात ही पद्धत नोंदलेली आहे. सुरक्षित कॉपी काढायची वेगळी सोय एसक्यूलाइटमध्ये कित्येक वर्षं आहे. ती वापरलेली नाही. सातपैकी सात कॉपी तपासल्या, सातही उघडेनात.

आता एसक्यूलाइटबद्दल, कारण शिव्या त्यालाच बसतात आणि तो निर्दोष आहे. रिचर्ड हिप यांनी तो २००० साली लिहिला, आणि कल्पना सुचली ती अमेरिकेच्या नौदलाच्या विनाशिकेवरच्या एका कामातून. आज तो तुमच्या हातातल्या फोनमध्ये आहे. व्हॉट्सॅपचे मेसेज फोनवर त्यातच साठतात. बॅटरी संपून फोन आजवर शंभरदा बंद पडला असेल. मेसेज उडाले का? नाही, कारण लिहिता लिहिता वीज गेली तर काय, याची खोटी खोटी वीज घालवून चाचणी घेतच तो बनवला जातो. बदल आधी बाजूच्या फाइलीत नोंदवायचा, ती नोंद डिस्कवर खरंच उतरली याची खात्री करायची, मग पुढे जायचं. २०१० पासून त्यात ‘वॉल’ ही पद्धत आहे. तिच्यात सिंक्रोनस नावाची सेटिंग ‘नॉर्मल’वर ठेवली तर वीज गेल्यावर शेवटच्या एखाद-दोन नोंदी जाऊ शकतात, पण फाइल फुटत नाही. डिस्कने ‘लिहिलं’ म्हणून खोटं सांगितलं तर भाग वेगळा. स्वस्त डिस्क तसं सांगतातही.

आमच्या सर्व्हरचा कोड खुला आहे, म्हणून वाचला. सिंक्रोनस: ऑफ. शेजारी टिप्पणी: स्कॅनिंग वेगाने व्हावं म्हणून.

म्हणजे कुणीतरी सुरक्षेची कडी स्वतःच्या हाताने काढली, कारण त्याच्या टेबलावर लाइट जात नाही. माझा राग या एका ओळीवर आहे.

आमच्या गावच्या पिठाच्या गिरणीत बघा. दळता दळता लाइट जाते. गिरणीवाला गोंधळत नाही. अर्धं दळलेलं कुणाचं आणि वर उरलेलं कुणाचं, हे त्याला ठाऊक असतं. लाइट आली की तिथूनच पुढे. कुणाची बाजरी कुणाच्या गव्हात जात नाही. शेतातल्या मोटरीला आम्ही ‘ऑटो’ बसवतो, रात्री-बेरात्री लाइट आली की मोटर आपोआप सुरू व्हावी म्हणून. लाइट जाणार, हे धरूनच इथे प्रत्येक जण काम करतो. मग इंजिनिअरनेच ते का धरू नये?

यावर ठरलेलं उत्तर आहे: यूपीएस घ्या. जरूर घ्या. पण छोटा यूपीएस पंधरा-वीस मिनिटं देतो, पावसाळ्यात लाइट रात्रभर जाते, आणि आमच्याकडच्या उन्हाळ्यात त्याची बॅटरी लवकर मान टाकते. यूपीएसने अपघात पुढे ढकलला जातो. शिवाय या सल्ल्यात एक मग्रुरी आहे: चूक आमची, खर्च तुमचा. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० ला आमच्याच तालुक्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. त्या डेटाबेसमधून नाव उडालं आणि वर कुणी ‘तुमच्याकडे यूपीएस नव्हता’ म्हणालं, तर चालेल का आपल्याला?

दुसरं उत्तर शहरी मित्रांचं: हे सगळं करायचंच कशाला, स्ट्रीमिंगवर ऐक ना. कोणत्या ॲपवर सापडेल माझ्या आत्याची हळद?

खरं नुकसान गाण्यांचं नाही, गाणाऱ्यांचं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या हजारावर खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. बर्नार बेल यांनी १९९० च्या दशकात त्यांचा डेटाबेस उभा केला, आणि पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, म्हणजे ‘पारी’, २०१७ पासून त्या लोकांपुढे आणत आहे. तिथली एखादी ओवी उघडा. खाली बाईचं नाव, गाव, तालुका, वय, मुलं किती, काम काय, सगळं. त्या चार ओळी काढून टाकल्या की उरतं ‘लोकगीत, पारंपरिक’. ‘पारंपरिक’ म्हणजे जिचं नाव लिहायचं राहिलं ती बाई. म्हणून माझी दुसरी तक्रार पहिलीपेक्षा मोठी आहे. या सर्व्हरवर भरलेली नावं गाण्याच्या फाइलीत जात नाहीत, फक्त डेटाबेसमध्ये राहतात. गिरणीवाला चिठ्ठी डब्यावर लावतो, फक्त स्वतःच्या वहीत ठेवत नाही. वही भिजली तरी डबा कुणाचा ते कळतं. डेटाबेस हा फाइलींवरून पुन्हा कधीही बांधता यावा, इतकाच असावा.

कुणावर ही वेळ आली तर: आधी सर्व्हर बंद करा. डेटाबेसची फाइल आणि तिच्या शेजारची वॉलची फाइल, दोन्हींची कॉपी करून ठेवा आणि कॉपीवरच काम करा. नेटवर ती शेजारची फाइल उडवायचा सल्ला मिळतो. ऐकू नका, शेवटच्या नोंदी तिच्यातच असू शकतात. मग एसक्यूलाइटची ‘रिकव्हर’ आज्ञा. ती फुटक्या फाइलीतून सापडेल ते वेचते आणि ज्याचा ठावठिकाणा लागत नाही ते ‘लॉस्ट अँड फाउंड’ नावाच्या तक्त्यात टाकते. मला त्यातून २८१ गाण्यांची नावं जोडता आली. ती आता टॅग म्हणून फाइलींच्या आत लिहिली आहेत.

उरलेली १३१. त्या तक्त्यात नुसती नावं पडून आहेत, गावं पडून आहेत, पण कुठलं नाव कुठल्या गाण्याचं ते कळत नाही. मोठ्या मायला पुन्हा ऐकवतोय. शेजारची म्हातारी फेब्रुवारीत गेली.

पॅच पाठवला आहे, दोन ओळींचा. पाच आठवड्यांत एकच प्रतिक्रिया आली: याने स्कॅनिंग हळू होईल. किती, ते मी मोजलं. आमच्या सगळ्या गाण्यांना मिळून चाळीस सेकंद.