आठ दिवे आणि चार जोड्या

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिकात तारांविषयी लिहावे, हे पाहून काहींच्या भुवया उंचावतील. तो आयटीआयचा प्रांत, असे आपण धरून चालतो. परंतु भाषेतील संकेत म्हणजे काय, हे ज्यांना तासाला शिकवले जाते, त्यांनीच या तारांकडे जरा निरखून पाहावे, असे माझे मत आहे.

इंटरनेटच्या केबलमध्ये आठ तारा असतात. दोन-दोन पिळून त्यांच्या चार जोड्या केलेल्या असतात. हा पीळ शोभेचा नाही. जोडीतील दोन तारांतून संदेश परस्परांच्या उलट जातो, बाहेरचा विजेचा गोंगाट मात्र दोहोंवर जवळजवळ सारखाच पडतो. पलीकडचे यंत्र दोहोंतील फरक तेवढा वाचते, म्हणून गोंगाट वजा होतो. ही युक्ती मूळची टेलिफोनची. ग्रॅहम बेलने १८८१ साली तिचे पेटंट घेतले.

रंग हा मात्र निव्वळ संकेत. तांब्याला रंग कळत नाही! 'ए' आणि 'बी' असे दोन क्रम रूढ आहेत. दोन्ही टोकांना एकच पाळावा, इतकेच. 'बी'चा क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. यात हिरवी जोडी तिसऱ्या व सहाव्या पिनेवर अशी फाकलेली का? कारण मधल्या दोन पिना टेलिफोनच्या लाईनसाठी राखलेल्या. दुसऱ्या जोडीने तिच्या दोन अंगांना बसायचे. आपण 'ऋ'चा उच्चार 'रु' करतो, तरी 'कृषी' लिहिताना जुने अक्षर सोडत नाही, तसेच हे.

आमच्या बिबवेवाडीतील एका अभ्यासिकेत नेट सारखे अडखळे. स्पर्धा परीक्षेचा अर्ज भरताना, शेवटच्या तारखेला, पान मध्येच थिजायचे. एका मुलीचे शुल्क दोनदा कापले गेले. केबल जोडणारा मुलगा आला, त्याने टेस्टर लावला. एक ते आठ, सगळे दिवे क्रमाने लागले. "वायर ओके आहे, लॅपटॉप बघा तुमचे," म्हणाला. शेजारी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले एक जॉइंटर काका राहतात. त्यांनी पारदर्शक प्लग डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाले, "दिवे लागतात रे बाळा, पण जोडी फुटलीये. आमच्या वेळी अशी जोडी फुटली की एकाचं बोलणं दुसऱ्याला ऐकू यायचं."

मुलाने दोन्ही टोकांना सारखाच, परंतु जोडीमागून जोडी असा सरळ क्रम लावला होता. नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. दिसायला किती नीटनेटके! पण त्यामुळे तिसऱ्या व सहाव्या पिनेवर दोन निरनिराळ्या जोड्यांच्या तारा आल्या आणि पिळाचा उपयोगच संपला. साधा टेस्टर तार अखंड आहे की नाही एवढेच सांगतो. ती कोणाबरोबर पिळली आहे, हे त्याला कळत नाही.

मी त्या मुलाला दोष देत नाही. त्याला पॉइंटमागे पैसे मिळतात आणि शिकवणाऱ्याने दिवे लागले की निघायचे, एवढेच शिकवलेले असते. गाइडातील उत्तरे घोकून पास होणारे आपण त्याला हसण्याच्या योग्यतेचे आहोत काय? असो.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कलाशाखेच्या अभ्यासक्रमातही कौशल्याचे विषय आणले आहेत. त्यांत हा विषय घ्यावा, परंतु क्रम पाठ करून घेऊ नये. पीळ का, फाकलेली जोडी का, प्लगाशी पीळ १३ मिलीमीटरपेक्षा जास्त का उसवायचा नाही, हे विद्यार्थ्याला विचारावे आणि गुणही त्याचेच द्यावेत. शिकवायला पदवीधरच हवा, असा हट्टही नसावा. टेलिफोन खात्यातले जुने जॉइंटर अजून आपल्या गल्ल्यांतून भेटतात. ते सत्तरीकडे झुकलेले आहेत. बोलवायचे तर याच वर्षी बोलवावे.