डोंगरावर चढवण्याआधी उतरण्याची वाट ठरवा



वणव्याच्या बातमीत किती हेक्टर जंगल जळाले ते येते. विझवणाऱ्यांपैकी कोण भाजले, कोण घसरून पडले, हे बहुधा मृत्यू झाला तरच छापून येते. पहूरच्या दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर आहेत, तापीपल्याड सातपुडा. राज्यात 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वणव्यांचा हंगाम. या काळात वनरक्षक आणि हंगामी वनमजूर हिरव्या फांद्या नि ब्लोअर घेऊन या उतारांवर चढतात.

उतारावरची आग सपाटीवरच्या आगीसारखी वागत नाही. ज्वाळा वरच्या गवताला आधीच तापवतात; चढ दहा अंशांनी वाढला की वणव्याचा वेग साधारण दुप्पट होतो. माणसाचा वेग मात्र चढावर निम्म्यावर येतो. 8 एप्रिल 2021 रोजी गोंदिया जिल्ह्यातील नागझिऱ्यात वाऱ्याने आग पुन्हा भडकली आणि तीन वनमजूर होरपळून मेले, आणखी दोघे गंभीर भाजले. जून 2024 मध्ये उत्तराखंडातील बिनसर अभयारण्यात वणव्यात चार वनकर्मी जागीच गेले. भाजलेल्या आणखी चौघांना पुढे विमानाने दिल्लीच्या एम्समध्ये न्यावे लागले.

आग दिसत नाही, अशी सबब आता उरलेली नाही. भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहावरून टिपलेल्या आगीचा संदेश थेट वनकर्मचाऱ्याच्या मोबाइलवर पाठवते. पण त्याच डोंगरात पाय मोडून पडलेल्या मजुराला खाली कोण आणणार, कोणत्या वाटेने, हे कुणी ठरवलेले असते का?

2008 च्या जुलैत कॅलिफोर्नियाच्या डोंगरात वणव्यावर काम करणाऱ्या अँड्र्यू पामर या अठरा वर्षांच्या तरुणावर झाड कोसळले. तिथे हेलिकॉप्टर होते, वायरलेस होता, माणसे होती. तरी त्याला बाहेर काढायला काही तास गेले आणि रक्तस्रावाने तो मेला. त्यानंतर तिथल्या पथकांना कामाला हात घालण्यापूर्वी तीन प्रश्न विचारायला शिकवले गेले. कुणी जखमी झाले तर काय करायचे? त्याला इथून बाहेर कसे काढायचे? रुग्णालयात पोचायला किती वेळ लागेल?

‘अशा तयारीला एवढा पैसा कुठला?’ असे विचारले जाईल. पण इथे हेलिकॉप्टर मागितलेलेच नाही. सातपुड्याच्या पाड्यांवर आजही आजाऱ्याला बांबूच्या झोळीतून रस्त्यापर्यंत आणतात. तीच माणसे वणव्यावरही जातात. त्यांच्या हाती घडीचे स्ट्रेचर, रक्त थांबवायचा पट्टा, भाजल्यावरची मलमपट्टी आणि पुरेसे पाणी द्यायला कितीसा खर्च येतो? एक जण उंचावरून फक्त वाऱ्यावर नजर ठेवील, 108 ची रुग्णवाहिका कोणत्या फाट्यावर उभी राहील हे आधीच सांगितलेले असेल, जवळच्या ग्रामीण रुग्णालयाला निरोप गेलेला असेल. ही तयारी खर्चाची नाही, आधी बसून ठरवण्याची आहे.

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांच्या वनविभागांनी आरोग्य विभागाला सोबत घेऊन येत्या 15 फेब्रुवारीपूर्वी प्रत्येक वनपरिक्षेत्राची अशी योजना तयार करावी, तिची डोंगरावर एकदा रंगीत तालीम घ्यावी आणि हंगामी मजुरांनाही तीत सामील करून घ्यावे. ज्या उतारावरून जखमीला खाली आणायची वाट ठरलेली नाही, तिथे कुणालाही आगीसमोर पाठवू नये.

— एक वाचक, पहूर (ता. जामनेर, जि. जळगाव)