पाण्याआधी हिशेब द्या

प्रति,
माननीय महापौर, सर्व नगरसेवक आणि आयुक्त,
छत्रपती संभाजीनगर महानगरपालिका



पाणी द्या, अशी मागणी करायला हे पत्र लिहीत नाही. ती मागणी करून या शहराचा घसा कधीच बसला आहे. मोर्चे निघाले, हंडे वाजले, निवेदनांवर शिक्के पडले. आज मन मोकळं करायचं आहे ते दुसऱ्याच गोष्टीबद्दल. इतक्या वर्षांत तुमच्यापैकी कुणीही आम्हाला समोर बसवून सांगितलं नाही की पाणी का येत नाही, पैसा कुठे गेला, काम कुठे अडलं आणि त्याला जबाबदार कोण. तहान सोसता येते. आपल्याच घरात आपल्याला कुणी हिशेबात धरत नाही, हे सोसवत नाही.

आमच्यावर निसर्ग कोपला असता तर एवढं वाईट वाटलं नसतं. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, कारण तिथलं धरणच आटलं होतं. आमची गोष्ट तशी नाही. शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर पैठणला नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय आहे. 18 ऑक्टोबर 1965 रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते जायकवाडीची पायाभरणी झाली आणि 24 फेब्रुवारी 1976 रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. शंभर टीएमसीहून अधिक पाणी साठवणारं हे धरण 2024 आणि 2025 च्या पावसाळ्यात इतकं भरलं की दरवाजे उघडून गोदावरीत पाणी सोडावं लागलं. लोक गाड्या काढून ते पाहायला पैठणला गेले आणि परत येऊन पाण्याच्या टँकरला फोन लावत बसले. उशाला धरण आणि घशाला कोरड हे आमच्याबाबत शब्दशः खरं आहे.

धरणातलं पाणी घरापर्यंत आणणं हे तुमच्यावर कायद्याने टाकलेलं काम आहे. 1949 च्या महानगरपालिका अधिनियमात पाणीपुरवठा हे बंधनकारक कर्तव्य म्हणून नोंदवलेलं आहे. जायकवाडीतून उपसा करायचा, फारोळ्याला शुद्ध करायचं, नक्षत्रवाडीच्या टाकीत चढवायचं आणि तिथून शहरातले जलकुंभ भरायचे, अशी ही वाट आहे. ती वर्षानुवर्षं ज्या जलवाहिन्यांच्या भरवशावर चालली, त्यातली एक 1970 च्या दशकातली आणि दुसरी 1990 च्या दशकातली. मधल्या काळात शहर कुठल्या कुठे गेलं. 2011 च्या जनगणनेतच लोकसंख्या पावणेबारा लाख होती. वीज पाच मिनिटं गेली की पंप बंद पडतात, पुन्हा सुरू करताना दाब बदलतो आणि जुना पाइप कुठेतरी फुटतो. मग शटडाऊन. शटडाऊन झाला की सगळ्या वसाहतींचा टप्पा, म्हणजे पाणी येण्याचा ठरलेला दिवस, एक दिवसाने पुढे ढकलला जातो. पाच दिवसांचे सात होतात, सातांचे नऊ. उन्हाळ्यात काही भागांत दहा-बारा दिवसही जातात.

हे सगळं तुम्हाला माहीत होतं आणि उपायही तुम्हीच काढले. समांतर जलवाहिनीची 792 कोटींची योजना आली, 2011 मध्ये खासगी कंपनीशी करार झाला आणि 2014 मध्ये शहराचा पाणीपुरवठाच तिच्या हाती दिला गेला. 2016 मध्ये तो करार तुम्हीच रद्द केला. करार करताना नागरिकांना विचारलं नाही, मोडताना सांगितलं नाही. त्या वर्षांत काय कमावलं आणि काय गमावलं याचा साध्या मराठीतला चार पानांचा जमाखर्चसुद्धा आमच्या हाती आला नाही.

मग 12 डिसेंबर 2020 रोजी नव्या योजनेचं भूमिपूजन झालं. 1680 कोटी रुपये, अडीच मीटर व्यासाची जलवाहिनी, नवं जलशुद्धीकरण केंद्र, गावभर नवे जलकुंभ. तीन वर्षांत पाणी, असा शब्द होता. योजनेचा खर्च 2740 कोटींवर गेला आणि तीन वर्षं कधीच उलटून गेली. दर सणाला नवी तारीख ऐकायला मिळाली. काम महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडे, पैसा केंद्राचा, राज्याचा आणि तुमच्या हिश्शाचा, त्यामुळे विचारायला गेलं की प्रत्येक दार दुसऱ्या दाराकडे बोट दाखवतं. शेवटी उच्च न्यायालयाच्या इथल्या खंडपीठाला या कामावर देखरेख ठेवावी लागली. कामाची खरी स्थिती आम्हाला कळू लागली ती न्यायालयातल्या सुनावण्यांच्या बातम्यांतून. आपल्याच महापालिकेचं काम कुठवर आलं हे कळायला न्यायाधीशांनी खडसवावं लागतं, याची तुम्हाला खंत वाटत नसेल का?

पाणीपट्टीचंही तसंच. वर्षाला 4050 रुपयांपर्यंत ती वाढली आणि आम्ही भरत राहिलो. 2022 मध्ये लोकांचा संताप वाढल्यावर ती निम्मी करून 2025 रुपयांवर आणली. ज्यांनी तो निर्णय घेतला त्यांना वाटलं असेल, लोक खूश होतील. आम्ही सूट मागितली नव्हती. या शहरातला माणूस नियमित पाण्याचे पूर्ण पैसे आनंदाने मोजेल, कारण आज तो जारवाल्याला आणि टँकरवाल्याला त्याहून कितीतरी जास्त मोजतोय. दर निम्मा करून तुम्ही एवढंच मान्य केलंत की सेवा नीट मिळत नाही. ते मान्य करायचंच होतं तर एकदा मोकळेपणाने, तोंडावर म्हणायचं होतं.

पाण्याचा दिवस म्हणजे काय असतं, ते एकदा पाहायला या. हडको, गारखेडा, मुकुंदवाडी, कुठेही. लाइनमन चावी फिरवणार ती रात्री दोनला की पहाटे पाचला, हे नक्की नसतं. म्हणून घरातलं एक माणूस जागं राहतं, आणि ते बहुतेक वेळा बाईमाणूसच असतं. नळ आधी नुसता फुसफुसतो, मग गढूळ पाणी येतं, ते बादलीत काढून बाजूला ठेवतात. ते संडासाला उपयोगी पडतं. त्यानंतर पिंपं, हंडे, कळशा, गच्चीवरची टाकी. एकाने मोटार लावली की शेजारच्या नळाची धार बारीक होते आणि वर्षानुवर्षांचा शेजार पाच मिनिटांत हमरीतुमरीवर येतो. भाड्याचं घर पाहायला आलेला माणूस भाडं विचारण्याआधी विचारतो, इथे पाणी कितव्या दिवशी येतं? घरच्या कार्याची तारीख ठरवताना पंचांगाबरोबर पाण्याचा टप्पा पाहावा लागतो. कामाला जाणाऱ्या बाया त्या दिवशी सुटी टाकतात. त्यांचा बुडालेला रोज कोणत्या अंदाजपत्रकात दिसतो?

आणि याच घरांत पावसाळ्यात तुमच्या आरोग्य विभागाची माणसं येतात. ती बिचारी आपलं काम चोख करतात. टॉर्च मारून पिंपात अळ्या पाहतात आणि सांगतात, आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, सगळी भांडी रिकामी करून घासून ठेवा. सल्ला शास्त्राला धरून आहे. डेंग्यूच्या डासाचं अंड्यापासून डासापर्यंतचं चक्र साधारण आठ-दहा दिवसांत पुरं होतं. पण ज्या घरात पाणीच आठव्या दिवशी येतं, त्या घराने सातव्या दिवशी पिंप कसं ओतून द्यायचं? एकाच महापालिकेचा एक विभाग पाणी साठवायला भाग पाडतो आणि दुसरा साठवलं म्हणून दम देतो. या दोन विभागांनी एका टेबलाशी बसून यावर कधी बोलून घेतलं आहे का? पोरगं तापाने फणफणलं की आई स्वतःलाच दोष देते, पिंप घासायचं राहिलं म्हणून. तो दोष तिचा नाही. तो तिच्या डोक्यावरून कुणीतरी उतरवायला हवा होता.

पाण्याबाबत जे झालं तेच घरांबाबत आणि कचऱ्याबाबत. शहरात शंभराहून अधिक गुंठेवारी वसाहती आहेत. त्या चोरून रातोरात उभ्या राहिल्या नाहीत. परवडणारी कायदेशीर घरं नव्हती, म्हणून कामगारांनी, शिक्षकांनी, शिपायांनी गुंठा-दोन गुंठे घेऊन भिंती उभ्या केल्या. 2001 चा गुंठेवारी कायदा आला, 2021 मध्ये त्याची मुदत वाढवून 31 डिसेंबर 2020 पर्यंतची घरं नियमित करायची सोय झाली. लोकांनी सोनं गहाण ठेवून शुल्क भरलं, ते आपल्या गल्लीत ड्रेनेज आणि नळ येईल या आशेवर. मग 2025 च्या जून-जुलैत रस्ता रुंदीकरणासाठी मुकुंदवाडी, पैठण रस्ता, पडेगाव अशा भागांत जेसीबी फिरले. रस्ते रुंद व्हायला हवेत, याबद्दल वाद नाही. पण ज्याचं घर किंवा दुकान पडणार, त्याने कुठे जायचं याचं उत्तर जेसीबीच्या आधी पोहोचायला नको होतं का?

कचऱ्याचंही आठवत असेल. नारेगावच्या कचरा डेपोच्या आसपासच्या गावांनी तीसेक वर्षं शहराची घाण सोसली आणि फेब्रुवारी 2018 मध्ये गाड्या अडवल्या. तेव्हा शहराला जाग आली. मार्चमध्ये मिटमिट्यात कचरा टाकायला आलेल्या गाड्यांवर दगडफेक झाली, पोलिसांनी लोकांच्या घरांत घुसून मारहाण केली. त्यानंतर चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल इथे प्रक्रिया केंद्रं उभी राहिली. म्हणजे मार्ग होता. तो शोधायला डोकी फुटावी लागली.

हे सगळं विचारायचं तरी कुणाला? एप्रिल 2020 मध्ये सभागृहाची मुदत संपली. संविधानाच्या कलम 243-यू प्रमाणे मुदत संपण्याआधी निवडणूक व्हायला हवी होती. ती झाली जानेवारी 2026 मध्ये. साडेपाच वर्षांहून अधिक काळ या शहराला नगरसेवक नव्हता. त्या काळात हजारो कोटींचे निर्णय प्रशासकांच्या सहीने झाले. त्यातले काही चांगलेही असतील, पण त्यावर प्रश्न विचारायला सभागृहात एकही माणूस नव्हता. आता तुम्ही निवडून आला आहात. तेव्हा मागचं आमच्या काळातलं नाही, असं म्हणून हात झटकू नका. महापालिका एकच आहे आणि तिचं देणं तुमच्याकडे वारशाने आलं आहे.

लोकांना सोबत घेतलं की काय होतं, हे याच शहरात तुम्ही पाहिलं आहे. खाम नदीचा नाला झाला होता. महापालिका, छावणी परिषद, स्वयंसेवी संस्था आणि नागरिक एकत्र आले, दर आठवड्याला लोक स्वतः खोरी-पाट्या घेऊन उतरले आणि नदीकाठ उजळला. त्या कामाची जगात दखल घेतली गेली. त्याच लोकांना पाणी योजनेची माहिती द्यायला तुम्ही का कचरता? जे हात खाममधला गाळ उपसतात, ते आकडे वाचायलाही समर्थ आहेत.

म्हणून मागणं मोठं नाही. समांतर योजनेपासून आजपर्यंत पाण्यावर झालेल्या खर्चाची श्वेतपत्रिका काढा आणि ती मराठीत, सामान्य माणसाला समजेल अशी लिहा. नव्या योजनेतला कोणता जलकुंभ तयार आहे, कोणत्या वसाहतीची अंतर्गत वाहिनी टाकायची राहिली आहे, हे दर महिन्याला प्रत्येक वॉर्ड कार्यालयाच्या फलकावर लावा. पाण्याचा टप्पा चुकला तर आदल्या दिवशी कळवा, आणि ठरावीक दिवसांपलीकडे गेला तर टँकर तुमच्या खर्चाने पाठवा. गुंठेवारीचं शुल्क ज्या वसाहतीतून घेतलं त्याच वसाहतीत किती खर्च झालं ते जाहीर करा. घर पाडण्याच्या नोटिशीसोबत पुनर्वसनाचा कागद द्या. महापालिका कायद्यात 2009 पासून क्षेत्रसभांची तरतूद आहे. त्या सभा खरोखर भरवा, आणि तिथे अधिकाऱ्यांनी मंचावर न बसता आमच्यासमोर खुर्ची टाकून उत्तरं द्यावीत.

अडीच मीटरच्या जलवाहिनीतून एक दिवस रोज पाणी येईल, यावर माझा विश्वास आहे. तेव्हा फिती कापल्या जातील, फलक लागतील, श्रेयासाठी ओढाताण होईल. तुम्हाला कळकळीची विनंती आहे की त्या समारंभाआधी सर्वसाधारण सभेत एक विषय घ्या: या शहराला इतकी वर्षं ताटकळत का ठेवलं. प्रत्येक चुकीसमोर तिची तारीख आणि ती कुणाच्या निर्णयाने झाली ते वाचून दाखवा आणि इतिवृत्तात नोंदवा. ज्या बाया रात्र रात्र नळाशी बसल्या त्यांची सभागृहाच्या वतीने माफी मागा. त्याने कुणाची पत जाणार नाही. उलट त्या दिवसापासून पाणीपट्टीचं बिल हातात घेताना आम्हाला वाटेल की हे पैसे आपण आपल्याच संस्थेला देतोय.

ही सभा तुम्ही घेतलीत तर आम्ही गॅलरीत येऊन बसू. नाही घेतलीत, तर पुढच्या निवडणुकीत तुम्ही दारात याल तेव्हा पहिला प्रश्न हाच असेल.

कळावे,
या शहराचा एक करदाता नागरिक