पडेपर्यंत न दिसणाऱ्या भिंती

29 जून 2019 रोजी मध्यरात्रीनंतर पुण्याच्या कोंढव्यात एका गृहसंकुलाची कुंपणभिंत मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि 15 जीव गेले. तीनच दिवसांनी, 1 जुलैची रात्र सरत असताना, मालाडच्या पिंपरीपाड्यात महापालिकेनेच बांधलेली भिंत तीसहून अधिक माणसांचा घास घेऊन गेली. त्याच रात्री पुण्याच्या आंबेगावात सहा मजूर भिंतीखाली मेले आणि कल्याणात दुर्गाडी किल्ल्याजवळ शाळेच्या भिंतीने तिघांचा बळी घेतला. दोन वर्षांनी, 18 जुलै 2021 ला, चेंबूरच्या भारतनगरात पुन्हा भिंत आणि पुन्हा 19 मृत्यू. यांतल्या एकाही ठिकाणी इमारत कोसळली नव्हती. पडल्या त्या फक्त भिंती. 

हे सारे ठाणे महापालिकेच्या हद्दीतल्या दिवा परिसराच्या नागरिकांनी आणि त्यांच्या कारभाऱ्यांनी आज आठवायला हवे, कारण त्या दुर्घटनांची सगळी सामग्री दिव्यात एकत्र जमा झाली आहे. मुंब्रा आणि कोपर यांच्यामधले हे गाव मुळात खाडीकाठचे, सखल, खाजणाचे. साबे, दातिवली, आगासन, बेतवडे ही त्याच्या कुशीतली आगरी-कोळ्यांची गावे भातशेती आणि मासेमारीवर जगत होती. गेल्या काही दशकांत स्वस्त घराच्या शोधात आलेल्या लक्षावधी कष्टकऱ्यांनी हा परिसर भरून गेला. जमीन सखल म्हणून प्रत्येकाने भराव टाकला, शेजाऱ्याने त्याहून उंच टाकला, आणि तो भराव वाहून जाऊ नये म्हणून कडेला भिंत उभी केली. नकाशा नाही, अभियंता नाही, पायाचा हिशेब नाही. असतो तो गवंड्याचा अंदाज आणि जागामालकाची घाई.

ही भिंत नेमकी कसली, याचा विचार कोणीच करत नाही. सीमा दाखवणाऱ्या कुंपणभिंतीला स्वतःचे वजन आणि वारा एवढेच पेलायचे असते. भराव अडवणाऱ्या संरक्षक भिंतीला मात्र मातीचा आणि पाण्याचा रेटा सोसावा लागतो. भिंतीमागे दोन मीटर पाणी तुंबले तर तिच्या प्रत्येक मीटर लांबीवर सुमारे दोन टनांचा आडवा दाब येतो. उंची दुप्पट झाली की हा दाब चौपट होतो आणि भिंत उलथवू पाहणारा जोर आठपट. म्हणून अशा भिंतीला रुंद पाया, लोखंड आणि पाणी बाहेर काढणारी भोके लागतात. आपल्याकडे चार इंची विटांची वा तयार सिमेंटच्या फळ्यांची भिंत निर्धास्तपणे राडारोड्याच्या भरावाला टेकवली जाते, वर आणखी दोन थर चढवले जातात आणि खाली चाळीची खोली भाड्याने दिली जाते. जुलैतल्या संततधारेच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती माती फुगते. पुढे काय होते, ते कोंढव्याने आणि मालाडने दाखवून दिले आहे.

कायदा मुका आहे, अशी सबब येथे चालणार नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या व्याख्येत ‘इमारत’ या संज्ञेत कुंपणभिंत आणि कुंपण यांचाही समावेश आहे. विनापरवाना बांधकामाला कलम 260 खाली नोटीस देण्याचा आणि धोकादायक बांधकाम कलम 264 खाली उतरवून घेण्याचा अधिकार आयुक्तांना आहे. डिसेंबर 2020 मध्ये लागू झालेली एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली तर याबाबत कमालीची स्पष्ट आहे. विशेष परवानगीवाचून कुंपणभिंत समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेपासून 1.5 मीटरहून उंच नको, 2.4 मीटरपर्यंत न्यायची तर वरचा 0.9 मीटर भाग आरपार दिसणारा हवा. दोन रस्ते मिळतात त्या कोपऱ्यावर 10 मीटर लांबीपर्यंत भरीव भिंत 0.75 मीटरच्या वर जाता कामा नये. फाटक आतल्या बाजूलाच उघडले पाहिजे. उंची रस्त्याच्या पातळीपासून मोजायची, हा दंडक दिव्यासाठी विशेष मोलाचा आहे: भराव टाकून जमीन उंचावली तरी भिंतीची मर्यादा वाढत नाही. दिवा स्थानकाबाहेरच्या कोणत्याही गल्लीत मोजपट्टी घेऊन उभे राहावे आणि यांतला कोणता नियम पाळला गेला आहे ते पाहावे.

त्याहूनही गंभीर प्रकार पत्र्यांचा आहे. मोकळ्या, आरक्षित वा खाजणाच्या जागेला आधी ‘पत्रे मारले’ जातात. आत काय चालले आहे ते दिसेनासे होते. मग रात्रीच्या डंपरने भराव येतो, तिवरे गाडली जातात, पत्र्याच्या जागी पक्की भिंत येते आणि भिंतीआड चाळ किंवा सहा-सात मजले उभे राहतात. तिवरांपासून 50 मीटरच्या आत बांधकामाला उच्च न्यायालयाने मनाई केलेली आहे. पण पत्र्यापलीकडे न्यायालयाला डोळे नसतात, ते महापालिकेनेच व्हायचे असतात. दिव्यालगतच्या शीळमध्ये 4 एप्रिल 2013 रोजी लकी कम्पाउंडमधील बेकायदा इमारत कोसळली आणि 74 माणसे मेली. त्याच शीळमध्ये 2025 साली न्यायालयाच्या आदेशाने बेकायदा इमारती पाडाव्या लागल्या आणि पै-पै जोडून घर घेतलेली कुटुंबे रस्त्यावर आली. कारवाई कुंपणाच्या टप्प्यावर झाली असती तर पत्रे उचलण्यापलीकडे काही करावे लागले नसते. कुंपण दुर्लक्षून इमारत पाडणारे प्रशासन गरिबालाच शिक्षा करते. पत्रे मारणारा तोवर पुढच्या भूखंडावर पोहोचलेला असतो.

भिंत न पडताही माणसे मारू शकते. भराव आणि भिंती यांनी पाण्याच्या जुन्या वाटा अडल्या, नाले दोन भिंतींच्या कात्रीत सापडले, आणि आधीची बैठी घरे खड्ड्यात गेली. भरती आणि मुसळधार एकाच वेळी आली की खाडीकडे जाणारे पाणी या घरांतच थांबते. गल्लीकडे प्रत्येकाने हातभर सरकवलेल्या भिंतीमुळे अग्निशमन बंब वळत नाही, रुग्णवाहिका तोंडाशीच उभी राहते आणि रुग्णाला झोळीतून आणावे लागते. हा हातभर लोभ केवळ बिल्डरांचा नाही. चाळ कमिट्या, नोंदणीकृत सोसायट्या, गावठाणातले जुने घरमालक, सगळेच यात सामील आहेत. शेजाऱ्याच्या दारात पाणी लोटून आपले अंगण कोरडे राखणे हा कोणाचाही हक्क नव्हे.

ठाणे महापालिकेच्या सभागृहाची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि त्यानंतर प्रदीर्घ काळ प्रशासकांचे राज्य होते. त्या काळात मतांचे दडपण नव्हते, नगरसेवकाचा फोन नव्हता. मग दिव्यातल्या भिंती कोणाच्या भीतीने मोजल्या गेल्या नाहीत? आणि शेजारच्या कल्याण-डोंबिवली महापालिकेने तरी 2019 च्या तीन मृत्यूंनंतर आपल्या हद्दीतल्या शाळा-संकुलांच्या भिंती नियमाने तपासायची घडी बसवली का? दरवर्षी मेमध्ये धोकादायक इमारतींची यादी निघते. त्या यादीत भिंतींचा रकाना हवा.

दिवा प्रभाग समितीने जूनच्या आत भराव अडवणारी प्रत्येक भिंत पाहावी, तिच्या पायथ्याशी झोपणाऱ्या कुटुंबांची नोंद घ्यावी, त्यांना तात्पुरता निवारा द्यावा आणि मालकाला कलम 264 ची नोटीस बजावावी. नव्या भरावाची कमाल पातळी रस्त्यागणिक जाहीर करावी. मोकळ्या जागेभोवती पत्रे दिसताच परवानगीचा कागद मागावा, तो नसेल तर त्याच दिवशी पत्रे उतरवावेत आणि उतरवले नाहीत तर त्या विभागाच्या अधिकाऱ्याला नावानिशी जबाबदार धरावे. या कामाला नवा कायदा लागत नाही, नवा निधी लागत नाही. हे न करता पहिल्या मुसळधारेत एखादी भिंत कोसळली, तर तो मृत्यू पावसाच्या खाती लिहिण्याचा अधिकार ठाणे महापालिकेला उरणार नाही.