छोटे भांडे, मोठे काम

मिक्सर आता बहुतेक घरांत आहे. त्याच्याबरोबर येणारे सर्वांत छोटे भांडे मात्र आले-लसणापुरतेच वापरले जाते. काही घरांत सुके मसाले दळायचे वेगळे लहान ग्राइंडरही आले आहे, तेही फडताळात डब्यामागे पडलेले असते. भगिनींनो, ते पुढे काढा. सुके जिन्नस थोडे-थोडे आणि ताजे दळण्याचे काम या लहान यंत्राइतके दुसरे कोणी करीत नाही.

वर्षाचे लाल तिखट डंक्यावरच कांडून आणावे. हळकुंडही तिकडेच न्यावे. ते इतके कठीण असते की लहान भांड्याचे पाते बोथट होते, कधी मोटरही जळते. गरम मसाल्याची गोष्ट मात्र वेगळी. वेलची, लवंग, दालचिनी यांचा वास त्यांच्यातल्या तेलाचा असतो आणि ते तेल हवेत उडून जाते. अख्ख्या दाण्यात ते आत जपलेले असते. पूड केली की त्याला चहूबाजूंनी हवा लागते. बाष्पीभवन शिकवताना आम्ही वर्गात ओल्या कपड्याचे उदाहरण देतो. घडी केलेले कापड उशिरा वाळते, पसरलेले लवकर. पूड म्हणजे पसरलेले कापड. म्हणून रमजानचा मसाला शाबानच्या सुरुवातीलाच कुटून ठेवण्यात आम्हांला शहाणपण दिसत नाही. पंधरा दिवसांपुरताच करावा.

चार माणसांच्या घराला दालचिनीचे दोन तुकडे, दहा-बारा लवंगा, तितक्याच हिरव्या वेलच्या, दोन मसाला वेलच्या, चमचा-चमचा शहाजिरे व मिरी आणि जायपत्रीची एखादी पाकळी पुरते. मंद आचेवर जरा गरम करून ताटात पसरावे आणि पूर्ण थंड होऊ द्यावे. गरम मसाला तसाच भांड्यात टाकला तर आतल्या वाफेने पूड ओलसर होते, गोळे धरते. भांडे अर्धेच भरावे. बटण सलग दाबून ठेवू नये. दहा सेकंद फिरवावे, थांबावे, भांडे हलवावे, पुन्हा फिरवावे. पाते सतत फिरले की मसाला तापतो आणि ज्या वासासाठी हा खटाटोप केला तोच उडतो. मिक्सर मध्येच बंद पडला तर लगेच कारागिराकडे धावू नका. पुष्कळ मिक्सरांच्या तळाशी एक लाल बटण असते. भार जास्त झाला की ते यंत्र आपोआप थांबवते. मिक्सर बंद करून, प्लग काढून, थोडे निवू द्यावे आणि ते बटण आत दाबावे.

शीरखुर्म्यासाठी वेलची दळताना सालीसकट दोन चमचे साखरेबरोबर फिरवावी. नुसत्या चार वेलच्या पात्याखाली सापडत नाहीत, साखरेबरोबर बारीक होतात. बदाम-पिस्ते मात्र सुरीनेच कापावेत, त्यांचा भुगा केलेला शीरखुर्मा आम्हांला खीर वाटतो. शामी कबाब सैल झाले तर फुटाणे दळून घाला. शिळा पाव कडक वाळवून फिरवला की कटलेटचा चुरा तयार. सावलीत वाळवलेला पुदिना हाताने चुरगळेल इतका कोरडा झाल्यावरच दळावा, नाहीतर तो पात्याला चिकटतो. सुंठीत धागे असतात, म्हणून ती आधी खलबत्त्यात ठेचावी आणि दळून झाल्यावर चाळून घ्यावी. जवस अख्खे खाल्ले तर बरेचसे न पचताच बाहेर पडते. ते दळूनच खावे, पण पूड लवकर खवट होते, म्हणून आठवड्याचीच करून फ्रीजमध्ये ठेवावी.

एक वापर मात्र अजिबात करू नये. घरातल्या बुजुर्गांना गोळी गिळता येत नाही, म्हणून काही घरांत औषधे याच भांड्यात फिरवून दुधातून देतात. हेतू चांगला, पण धोका मोठा आहे. रक्तदाबाच्या, साखरेच्या काही गोळ्या पोटात हळूहळू, दिवसभर विरघळतील अशा बनवलेल्या असतात. त्यांची पूड केली की दिवसभराचे औषध एकदम अंगात जाते. काहींवरचे वेष्टन पोटातल्या आम्लापासून औषध वाचवण्यासाठी असते, तेही मोडते. शिवाय थोडी पूड भांड्यालाच चिकटून राहते आणि उद्याच्या चटणीत उतरते. गोळी गिळता येत नसेल तर डॉक्टरांना तसे सांगावे. अनेक औषधे पातळ स्वरूपात मिळतात. कोणती गोळी कुटली तरी चालेल, हे त्यांनीच ठरवावे.

तिखट दळल्यावर झाकण लगेच उघडू नका, पाच मिनिटे पूड खाली बसू द्या. मुलगा असो वा मुलगी, दहा-बारा वर्षांच्या मुलांना हे काम शिकवायला हरकत नाही. प्लग काढल्याशिवाय पात्याजवळ बोट न्यायचे नाही, एवढे आधी पाठ करून घ्या. भांड्याचा वास घालवायला मूठभर कोरडे तांदूळ फिरवावेत. ते पीठ फेकू नका, त्याच दिवशीच्या सालनात घाला. रस्सा दाट होतो आणि भांड्याला लागलेला मसालाही कामी येतो.