आधी हवा बघा, मग गॅस

उन्हाळ्यात एसीच्या जाळीतून हवा कमी आली की आपण लगेच म्हणतो, "गॅस संपला." गॅरेजवालाही नाही म्हणत नाही. माझं मत साधं आहे: गॅसमुळे हवा थंड होते, ती ढकलतो तो ब्लोअर. जोर कमी असेल तर गॅस भरून तो वाढणार नाही.

बिकानेरकडच्या पोस्टिंगमध्ये हे कायम दिसायचं. आंधी येऊन गेली की बारीक धूळ केबिन फिल्टरमध्ये गच्च बसते. बऱ्याच गाड्यांत हा फिल्टर ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो, हातानेच निघतो. तो काढून पंखा लावा. जोर परत आला, तर दोष सापडला. नवा बसवताना त्यावरचा बाण बघा.

नाही आला, तर पुढचं बघा. पंखा फक्त शेवटच्या नंबरवर चालत असेल, तर बहुधा रेझिस्टर गेलाय. लांबच्या प्रवासात जोर घटतो आणि एसी थोडा वेळ बंद ठेवल्यावर परत येतो? मग कूलिंग कॉइलवर बर्फ धरतोय. इथे मात्र गॅस तपासून घ्या. तो कमी झाला तरी बर्फ धरतो.

फौजेत फर्स्ट परेड झाल्याशिवाय गाडी बाहेर पडत नाही. घरच्या गाडीला आपण तेवढी दहा मिनिटंही देत नाही. प्रश्न फक्त पैशांचा नाही. पावसाळ्यात घाटात काचेवर वाफ धरते, ती घालवणारी हवाही याच ब्लोअरची. निवृत्त मित्रांनो, गावी निघण्याआधी फिल्टर बघाच.