‘करवून’ घेण्याची भाषा

आठवड्याला ९० तास कामाचा आग्रह धरल्याने लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन जानेवारी २०२५ मध्ये टीकेचे धनी झाले. चर्चा गाजली ती पत्नीविषयीच्या शेऱ्याची. खरी मेख मात्र दुसऱ्याच वाक्यात होती. आपण रविवारी काम करतो. पण कर्मचाऱ्यांकडून ते करवून घेता येत नाही, याची त्यांना खंत होती. ‘करणे’ आणि ‘करवून घेणे’ यांत मालक-मजुराइतके अंतर आहे. (वास्तविक अध्यक्षही पगारदारच!) राष्ट्रउभारणीचा दाखला देणारा कंपनीचा खुलासा त्यामुळेच तोकडा वाटला. वरिष्ठांचे मत खालच्या पायरीवर फर्मान होऊन पोहोचते. मग रविवारी दूरध्वनी न उचलणारा अभियंता नियमाने बरोबर असूनही कामचुकार ठरतो. आणि त्याचा गटप्रमुख, मनात नसतानाही, सोमवारची बैठक रविवारीच उरकू लागतो.